डान्स थेरपी म्हणजे काय, आणि ती कोणी करावी?

मी तुमच्या बचत गटांची समन्वयक बोलतेय. गेल्या काही दिवसांत माझ्याकडे दोन प्रश्न आले. एक फोन एका आईचा होता. मुलगी बारावी झालीय आणि म्हणते, मला डान्स थेरपिस्ट व्हायचंय. आई विचारत होती, "ताई, हे खरंच काही शिक्षण आहे का? की नाचायला मिळावं म्हणून काढलेलं नाव आहे?" दुसरा प्रश्न एका गटाच्या सचिवांचा. त्यांच्या गावात कोणीतरी येऊन दोन दिवसांचं शिबिर घेणार होतं. शेवटी 'डान्स थेरपिस्ट' असं सर्टिफिकेट मिळणार होतं आणि त्याची फी गटाच्या बचतीतून भरा, असं सुचवलं होतं.

दोघींनाही मी म्हटलं, थोडं थांबा, मी नीट माहिती घेऊन रेडिओवरच सांगते. कारण हा प्रश्न फक्त या दोघींचा नाही. आपल्या घरात मतिमंद मूल असेल, पार्किन्सनने थरथरणारे सासरे असतील, मारहाण सोसून माहेरी आलेली बहीण असेल, तर उद्या कोणीतरी आपल्यालाही सांगेल की डान्स थेरपी करून बघा. तेव्हा आपल्याला चांगलं आणि खोटं यांतला फरक कळायला हवा.

नाच आणि थेरपी

नाच आपल्याला नवा नाही. मंगळागौरीला झिम्मा, फुगडी, पिंगा आहे. भोंडल्याचा फेर आहे. हळदीला आणि वरातीत तर ज्या बाया एरवी डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत, त्याही नाचतात. नाचून घरी आलं की अंग हलकं वाटतं आणि रात्री झोप लागते. हे कळायला डॉक्टर लागत नाही.

मग थेरपी कशाला म्हणायचं? तीन गोष्टी असाव्या लागतात. पहिली, ठरवलेला हेतू. अमुक मुलाला दुसऱ्याच्या नजरेला नजर देता यावी, अमुक बाईची भीती कमी व्हावी, असं काहीतरी आधी ठरवलेलं असतं आणि ते साधतंय का हे वेळोवेळी तपासलं जातं. दुसरी, शिकलेली व्यक्ती. तिला नाचाबरोबर मानसशास्त्र आणि शरीरशास्त्र यांचंही ज्ञान असतं. तिसरी, जबाबदारी. समोरच्या माणसाला त्रास झाला तर पुढे काय करायचं, हे तिला माहीत असतं आणि त्याचं उत्तर द्यायला ती बांधील असते.

म्हणून तिचं पूर्ण नाव डान्स मूव्हमेंट थेरपी असं आहे. मूव्हमेंट म्हणजे हालचाल. हात हलवणं, श्वास घेणं, पाय आपटणं, मान वळवणं, गप्प उभं राहणं, हे सगळं त्यात येतं. नाच यायलाच हवा असं नाही. खुर्चीवर बसलेल्या किंवा अंथरुणावर असलेल्या माणसाबरोबरही हे काम करता येतं.

यामागचा विचार साधा आहे. मनात जे होतं ते शरीरात दिसतं. भीती वाटली की छाती धडधडते, श्वास वरच्या वर चालतो, खांदे कानापर्यंत चढतात. हे सगळं एखाद्या संकटापुरतं झालं तर ठीक. पण ज्या घरात रोज संध्याकाळी नवऱ्याच्या पावलांचा अंदाज घेत बसावं लागतं, तिथल्या बाईचं शरीर कायम तसंच राहायला लागतं. ती म्हणते, पाठ दुखते, डोकं दुखतं. तिला बोल म्हटलं तर शब्द सापडत नाहीत. अशा वेळी शरीराकडून सुरुवात करता येते. श्वास सावकाश सोडला की छातीची धडधड कमी होते. ओळखीची लय मिळाली की पाय चालायला लागतात. चार जणींबरोबर एका तालावर हाललं की एकटेपण थोडं कमी होतं. शब्द नंतर येतात, किंवा कधी कधी त्यांची गरजही लागत नाही.

सुरुवात एका इस्पितळात झाली

या कामाची पायाभरणी अमेरिकेत झाली. मॅरियन चेस नावाच्या बाई, जन्म १८९६ चा. तरुणपणी पाण्यात सूर मारताना त्यांच्या पाठीला दुखापत झाली आणि पाठ बळकट व्हावी म्हणून डॉक्टरांनी नाच शिकायला सांगितलं. पुढे त्या त्या काळच्या नावाजलेल्या डेनिशॉन नृत्यसंस्थेत शिकल्या, नाचल्या आणि वॉशिंग्टन शहरात त्यांनी स्वतःचे नाचाचे वर्ग सुरू केले. तिथे त्यांच्या लक्षात आलं की काही मुली नर्तकी व्हायला येतच नाहीत. त्यांना इथे बरं वाटतं म्हणून त्या येतात. तेव्हा चेसबाईंनी पावलं शिकवण्यापेक्षा त्या मुलीकडे बघायला सुरुवात केली. ही अशी का उभी राहते, हिचा हात अर्ध्यावरच का थांबतो? हळूहळू शहरातले डॉक्टर आपले पेशंट त्यांच्याकडे पाठवू लागले.

१९४२ साली त्यांना वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या सरकारी मनोरुग्णालयात काम करायला बोलावलं. दुसरं महायुद्ध चालू होतं. युद्धावरून परतलेले, मन मोडलेले सैनिक तिथे होते. वर्षानुवर्षं एक शब्द न बोललेले रुग्ण होते. मानसिक आजारावरची आजची औषधं तेव्हा निघालीच नव्हती. ती १९५० नंतर आली. चेसबाई रेकॉर्ड लावायच्या, रुग्णांना गोलात घ्यायच्या आणि प्रत्येकाची हालचाल स्वतःच्या अंगात घेऊन त्याला परत द्यायच्या. कोणी नुसता एक बोट हलवत असेल, तर त्याही तसंच बोट हलवायच्या. म्हणजे त्या माणसाला न बोलता कळायचं, की मला कोणीतरी बघतंय, माझं कोणालातरी समजतंय. याला आरसा दाखवणं म्हणतात. आजही डान्स थेरपीत हे पहिलं साधन आहे.

त्याच सुमारास आणखी काही बाया वेगवेगळ्या ठिकाणी असंच काम करत होत्या. स्वित्झर्लंडहून आलेल्या ट्रूडी शूप या विनोदी मूकनाट्य करणाऱ्या कलावंत होत्या. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या मनोरुग्णालयात काम केलं. जर्मनीतून आलेल्या इर्मगार्ड बार्टेनिएफ नर्तकी होत्या, मग फिजिओथेरपी शिकल्या आणि न्यूयॉर्कमध्ये पोलिओच्या रुग्णांबरोबर काम केलं. त्यांचे गुरू रुडॉल्फ लाबान यांनी १९२८ मध्ये हालचाल कागदावर लिहून ठेवायची पद्धत मांडली होती. गाण्याला जसं नोटेशन असतं तसं. ही माणूस जोर किती लावतो, जागा किती व्यापतो, घाई करतो की सावकाश, मोकळा हालतो की आवळून, हे पाहायची शिस्त तिथून आली.

या सगळ्या सुट्या सुट्या काम करत होत्या. १९६६ मध्ये अमेरिकन डान्स थेरपी असोसिएशन स्थापन झाली आणि मॅरियन चेस तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्या दिवसापासून याला व्यवसायाचं रूप आलं असं म्हणता येईल. ब्रिटनमध्ये अशी संघटना १९८२ साली झाली.

एक सत्र कसं चालतं

आता तुम्ही म्हणाल, प्रत्यक्षात करतात तरी काय? समजा, दहा बायकांचा गट आहे. आठवड्यातून एकदा, साधारण तासभर. खोली अशी निवडतात की बाहेरून कोणी डोकावणार नाही. पहिल्या भेटीत थेरपिस्ट बोलून घेते. कोणाला काय आजार आहे, कोणती औषधं चालू आहेत, गुडघे-कंबर कशी आहे, कोणी गरोदर आहे का. इथे जे होईल ते बाहेर सांगायचं नाही, हे सगळ्या मिळून ठरवतात. नको वाटलं तर कोणीही कोणत्याही क्षणी खाली बसू शकते, हेही आधीच सांगितलेलं असतं.

मग सगळ्या गोलात उभ्या राहतात. गोलात कोणी पुढे नसतं, कोणी मागे नसतं, आपल्या गटाच्या बैठकीसारखंच. सुरुवातीला अंग मोकळं करणं. मान, खांदे, मनगटं, घोटे, श्वास. हे चालू असताना थेरपिस्ट बघत असते. एखादीचे हात अंगाला चिकटलेलेच आहेत. एखादी सारखी दाराकडे बघते. एखादी फार हसतेय, पण तिचा श्वास अडकलेला आहे.

मधल्या भागात एखादा विषय हालचालीतून पुढे येतो. उदाहरणार्थ, 'नको' म्हणणं. तोंडाने नाही, तर हाताने, पायाने, पाठीने 'नको' कसं म्हणाल? आपल्यातल्या कितीतरी जणींना हे जमत नाही. हात पुढे येतो आणि तसाच खाली जातो. मग ओढणी घेतात, दोघी दोन टोकं धरतात, ओढतात, सैल सोडतात. किंवा आपली फुगडीच घ्या. फुगडीत दोघी हात धरून मागे झुकतात. एकीने सोडलं तर दुसरी पडणार. म्हणजे मी तुझ्यावर किती भार टाकू, तू मला किती सांभाळशील, याचा सगळा हिशेब त्यात आहे. ज्या बाईचा माणसांवरचा विश्वासच उडालाय, तिला थेट फुगडीत ओढत नाहीत. आधी फक्त बोटाला बोट. मग तळहात. काही आठवड्यांनी दोन्ही हात. तिची तयारी असेल तरच.

शेवटचा भाग शांत होण्याचा. पुन्हा गोल, सावकाश श्वास, पाय जमिनीवर टेकलेले जाणवून घेणं आणि वाटलं तर दोन शब्द बोलणं. उघडं पडलेलं मन तसंच घेऊन कोणी घरी जाऊ नये म्हणून हा भाग कधीच गाळत नाहीत. सगळ्या गेल्यावर थेरपिस्ट वहीत नोंद करते. पुढच्या वेळी कुठून सुरू करायचं ते त्या नोंदीवरून ठरतं.

लहान मुलांबरोबर हेच काम चेंडू, दोरी, खेळ यांतून होतं. ऐकू न येणारं मूल लाकडी जमिनीवर ठेका धरला तर तो पायातून ओळखतं. स्वमग्न मुलाच्या डोलण्यात थेरपिस्ट आपणही डोलते आणि त्यातूनच त्याच्याशी पहिली ओळख होते.

आपल्या देशात

भारतात हे काम रुजवणाऱ्यांमध्ये त्रिपुरा कश्यप यांचं नाव आधी घ्यावं लागतं. त्यांनी अमेरिकेत प्रशिक्षण घेतलं आणि १९९० च्या सुमारास परत येऊन इथे अपंग मुलांबरोबर आणि मानसिक आजार असलेल्यांबरोबर काम सुरू केलं. २००५ मध्ये त्यांचं 'माय बॉडी, माय विज्डम' हे पुस्तक आलं. क्रिएटिव्ह मूव्हमेंट थेरपी असोसिएशन ऑफ इंडिया या संघटनेच्या त्या सहसंस्थापक आहेत. ही संघटना प्रशिक्षण देते आणि हे काम करणाऱ्यांना एकत्र आणते.

दुसरं नाव कोलकात्याच्या सोहिनी चक्रवर्ती यांचं. शिक्षण समाजशास्त्राचं आणि आवड नाचाची. देहविक्रीसाठी विकल्या गेलेल्या आणि सुटका होऊन निवारागृहात आलेल्या मुलींबरोबर त्यांनी काम सुरू केलं. विचार करा, ज्या मुलीला स्वतःच्या शरीराचीच किळस आणि भीती बसलीय, तिला कोणी शाळेत घातलं, शिवणकाम शिकवलं, तरी ती शरीरापासून लांबच राहणार. ते शरीर पुन्हा तिचं व्हावं, हे सोहिनीताईंच्या कामाचं सूत्र. २००४ मध्ये त्यांनी कोलकाता संवेद ही संस्था स्थापन केली. मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते असं, की तिथे उपचार घेतलेल्या काही मुली पुढे शिकून स्वतः हे काम करायला लागल्या. आपल्या बचत गटांत कर्ज घेतलेली बाई पुढे दुसऱ्या गटाला उभं करते ना, तसंच. या संस्थेने मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेबरोबर, म्हणजे आपण टिस म्हणतो तिच्याबरोबर, डान्स मूव्हमेंट थेरपीचा पदविका अभ्यासक्रमही चालवला.

पुण्यातलंही एक उदाहरण सांगते. पार्किन्सन झालेल्या माणसाचं पाऊल चालता चालता एकदम थिजतं, जमिनीला चिकटल्यासारखं. पण ताल ऐकू आला किंवा समोर रेघ दिसली तर तेच पाऊल उचललं जातं. न्यूयॉर्कमध्ये २००१ पासून मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने अशा रुग्णांसाठी नाचाचे वर्ग सुरू केले. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळातल्या रुग्णांना घेऊन असा वर्ग चालवला. यात एक बारकावा आहे. न्यूयॉर्कची मंडळी स्वतःच सांगतात की आमचा हा नाचाचा वर्ग आहे, थेरपी नाही. रुग्ण तिथे विद्यार्थी म्हणून येतो. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. जे आहे तेच नाव द्यावं.

चुकीच्या हातात गेलं तर

आता दोन दिवसांच्या शिबिराकडे येऊ. मागच्या वर्षी आमच्या भागात असं एक शिबिर झालं. मी तिथे हजर होते. पन्नास-साठ बाया एका सभागृहात. मोठ्या आवाजात गाणी लावली, बाया हसल्या, नाचल्या, सगळं छान चाललं होतं. मग त्या गृहस्थांनी दिवे मालवले आणि माइकवर सांगितलं, डोळे मिटा आणि आयुष्यातला सगळ्यांत वाईट प्रसंग आठवा, तो अंगातून बाहेर फेका. दोन-तीन मिनिटांत एक ताई थरथर कापायला लागल्या. श्वास लागला, हातपाय गार पडले. ते गृहस्थ म्हणाले, "बघा, मोकळ्या होतायत," आणि त्यांनी पुढचं गाणं लावलं. आम्ही दोघी-तिघींनी त्या ताईंना बाहेर ओट्यावर आणून बसवलं. पुढचे कित्येक दिवस त्यांना झोप नव्हती. शिबिर घेणारा माणूस संध्याकाळीच निघून गेला होता.

शिकलेल्या माणसाने काय केलं असतं? आधी तर पन्नास अनोळखी बायांना अंधारात डोळे मिटायला सांगितलंच नसतं. जिच्यावर अत्याचार झालाय तिला अंधार आणि मिटलेले डोळे हेच धोक्याचे वाटतात. वाईट प्रसंग एकदम उकरून काढला नसता. आधी अंगात सुरक्षित वाटेल एवढी तयारी करून घेतली असती, त्यालाच कित्येक आठवडे लागतात. तरीही कोणी कापायला लागलं, तर गाणं थांबवलं असतं, दिवे लावले असते. डोळे उघड, पाय जमिनीवर दाब, माझ्याकडे बघ, खोलीत काय काय दिसतंय ते सांग, असं करत तिला आजच्या दिवसात परत आणलं असतं. न विचारता अंगाला हात लावला नसता. तिच्याबरोबर कोणीतरी घरी जाईल हे पाहिलं असतं, दुसऱ्या दिवशी चौकशी केली असती आणि गरज असेल तर मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

बाळंतपण करणारी सुईण आणि नुसती अंगाला तेल लावणारी बाई यांत जो फरक, तोच इथे आहे. सगळं सुरळीत असताना दोघी सारख्याच दिसतात. अडलं की कळतं.

संघटना कशाला लागते

म्हणूनच या व्यवसायातल्या लोकांनी संघटना बांधल्या. आपण बचत गट का बांधला? एकटीला बँक दारात उभी करत नव्हती, सावकार मनाला येईल तो व्याजदर लावत होता. गटाने नियम आणले, हिशेबाची वही आणली. व्यवसायाची संघटनाही तेच करते. कोणाला थेरपिस्ट म्हणायचं, किती शिकलेलं असावं, कसं वागावं, हे ठरवते. अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण आणि ७०० तासांचं देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम झाल्यावर नोंदणी मिळते. त्यापुढचा दर्जा हवा असेल तर आणखी २,४०० तास काम करावं लागतं, तेही अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली.

ही देखरेख फार महत्त्वाची. दुसऱ्यांचं दुःख रोज ऐकून, अंगावर घेऊन थेरपिस्टही थकते. कधी तिची स्वतःची जुनी जखम उघडते. तेव्हा तिला आपल्याहून अनुभवी व्यक्तीकडे जाऊन बोलता यावं, आपलं कुठे चुकतंय ते विचारता यावं, अशी सोय संघटनेत असते. नवं संशोधन वाटून घेणं, वर्षातून एकदा भेटणं, एखाद्याने गैरवर्तन केलं तर तक्रार कुठे करायची ते ठरवणं, हीसुद्धा संघटनेचीच कामं.

आपल्याकडे कायद्यानेही एक पाऊल टाकलंय. २०२१ मध्ये संसदेने आरोग्यक्षेत्रातल्या इतर व्यावसायिकांसाठी आयोग नेमण्याचा कायदा केला. फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, लॅब टेक्निशियन असे कितीतरी जण त्यात येतात. त्याच्या परिशिष्टात मूव्हमेंट थेरपिस्ट हा व्यवसाय आहे आणि त्यात आर्ट, डान्स आणि मूव्हमेंट थेरपिस्ट धरलेले आहेत. यादीत व्यवसायाचं नाव आलं म्हणजे बाजारातल्या प्रत्येक सर्टिफिकेटवर सरकारी शिक्का बसला असं मात्र नाही. "सरकारमान्य आहे" असं कोणी म्हणालं, तर कोणाची मान्यता, कोणत्या कोर्सला, तो कागद दाखवा, असं खुशाल विचारा.

खरंच उपयोग होतो का?

हेही प्रामाणिकपणे बोलायला हवं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध वैद्यकीय मासिकात एक अभ्यास छापून आला. ७५ वर्षांवरच्या ४६९ लोकांकडे काही वर्षं लक्ष ठेवलं होतं. वाचन, बैठे खेळ, वाद्य वाजवणं आणि नाच करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी दिसलं. शारीरिक हालचालीच्या प्रकारांत असा संबंध फक्त नाचात आढळला. पण नाचामुळेच स्मृती टिकली, की ज्यांची तब्येत मुळात बरी होती तेच नाचत होते, हे त्यावरून पक्कं सांगता येत नाही. शिवाय तो नाच होता, थेरपी नव्हती.

नैराश्यावर डान्स थेरपीचा किती उपयोग होतो, यावर झालेले अभ्यास २०१५ मध्ये तज्ज्ञांनी एकत्र तपासले. त्यांच्या कसोटीला उतरलेले अभ्यास तीनच निघाले, त्यांत मिळून १४७ माणसं. एवढ्यावरून ठाम काही सांगता येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. याचा अर्थ उपयोग होत नाही असा नाही. अजून पुरेसं तपासलेलं नाही, असा आहे. म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करून डान्स थेरपी करा, असं जो सांगेल त्याच्यापासून लांब राहा. ही उपचाराच्या जोडीला घ्यायची गोष्ट आहे. कॅन्सर बरा करतो, मतिमंदत्व घालवतो, असा दावा खरी थेरपिस्ट कधीच करत नाही.

मुलीला शिकायचं असेल तर

त्या आईला माझं सांगणं असं. मुलीला नाही म्हणू नका, पण वाट नीट आखून द्या. आधी पदवी होऊ दे. मानसशास्त्र, समाजकार्य, विशेष शिक्षण किंवा फिजिओथेरपी यांपैकी काहीही चालेल. म्हणजे हाताशी एक पक्कं काम राहील. नाच शिकत राहू दे, मग ते भरतनाट्यम असो, लोकनृत्य असो. सुट्टीत अपंग मुलांच्या शाळेत किंवा वृद्धाश्रमात मदतीला जाऊ दे. हे काम तिला झेपतं का, तिथे कळेल. मग पदविका किंवा त्यापुढचं शिक्षण. प्रवेश घेण्याआधी ज्या संस्थेत जायचं तिथे जाऊन यंदा कोर्स चालू आहे का, फी किती, प्रत्यक्ष कामाचे तास किती, देखरेख कोण करणार, हे विचारा.

पैशाचंही सांगते. ठरलेल्या पगाराची नोकरी यात सहज मिळत नाही. एक दिवस शाळेत, दोन दिवस संस्थेत, एक दिवस इस्पितळात असं जोडकाम करावं लागतं. म्हणून बहुतेक काम मोठ्या शहरांत अडकलंय आणि पुस्तकं इंग्रजीत आहेत. पण याच कारणामुळे आपल्या मुलींची गरज आहे. खेड्यातल्या बाईशी तिच्या बोलीत बोलणारी, ओवी आणि फुगडी माहीत असलेली, पदर खोचून गोलात उभी राहिली की परकी न वाटणारी थेरपिस्ट तालुक्यात एक जरी असेल, तरी किती फरक पडेल!

आणि हो, 'पोरगी नाचायचं काम करते' असं कोणी नाक मुरडलं तर गप्प बसू नका. नाचणाऱ्या बाईला नावं ठेवायची सवय आपल्या समाजाला जुनी आहे. नाच बघायचा, टाळ्या वाजवायच्या आणि नंतर तिलाच हलकं म्हणायचं. त्या सवयीपायी कितीतरी बायांनी लग्नानंतर एकदाही पाय थिरकवला नाही.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

आता कागद-पेन घ्या. कोणी थेरपी देतो किंवा शिकवतो म्हणाला, तर एवढं विचारा.

एक, तुम्ही कुठे शिकलात आणि किती काळ? दोन, कोणत्या संघटनेचे सदस्य आहात? तिथे फोन करून आम्ही खात्री करू का? तीन, तुमच्या कामावर देखरेख कोणाची असते? चार, एखादीला त्रास झाला तर तुम्ही काय करता, कोणत्या डॉक्टरांकडे पाठवता? पाच, फोटो आणि व्हिडिओ काढणार का? खऱ्या सत्रात आमच्या परवानगीशिवाय ते काढत नाहीत. सहा, अंगाला हात लावण्याआधी विचारता का? आणि सात, दोन दिवसांत थेरपिस्ट कसं होता येतं, ते जरा समजावून सांगा.

त्या सचिवताईंनी हे प्रश्न विचारले. चौथ्या प्रश्नाला समोरचा माणूस चिडला आणि सातव्याच्या आधीच उठून गेला. गटाची बचत गटातच राहिली. दोन दिवस मजेने नाचायचं असेल तर जरूर नाचा, त्यासाठी सर्टिफिकेट लागत नाही आणि बचतही मोडावी लागत नाही.

मन फार जड झालं असेल, झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फिरवा. दिवसा-रात्री कधीही, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी १८१ आहे. दोन्ही नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि ज्या मैत्रिणी आज रेडिओ ऐकू शकल्या नाहीत त्यांनाही सांगा.

पुढच्या भागात बँकेच्या कर्जाचं पुनर्गठन म्हणजे काय, ते बघू. नमस्कार.